हातमोज्यातला हेतू : रबरातील रसायने, त्वचेची ॲलर्जी आणि पॅच टेस्ट

आमच्या पंचकर्म विभागात अनेक वर्षे अभ्यंगाचे काम करणाऱ्या एका परिचारिकेच्या हातांना एका हिवाळ्यात भेगा पडू लागल्या. दिवसभर तेल, त्यानंतर गरम पाणी आणि साबण, असा क्रम असल्यावर हात कोरडे पडणे स्वाभाविकच. हातांचे रक्षण व्हावे म्हणून आम्हीच तिला रबरी हातमोज्यांची पेटी आणून दिली. दोन महिन्यांत भेगा मागे पडल्या; पण बोटांच्या आणि पंज्याच्या पाठीवर पिडका उठल्या, लस येऊ लागली आणि रात्री झोप लागू नये इतका कंडू सुरू झाला. मनगटाशी मात्र हा सारा उपद्रव एका रेषेत थांबत होता. त्या रेषेपलीकडची त्वचा अगदी निरोगी होती.

लक्षणे विचर्चिकेची होती. चरकांनी कुष्ठचिकित्सेत वर्णिलेला कंडू, श्यावता आणि बहुस्राव समोर दिसत असताना अधिक विचार करण्याची गरज आम्हांला वाटली नाही. महामंजिष्ठादि क्वाथ, आरोग्यवर्धिनी, बाहेरून करंज तेल आणि नंतर विरेचन अशी योजना झाली. विरेचनाच्या काळात हात जवळजवळ पूर्ण बरे झाले. संसर्जनक्रम संपवून ती कामावर परतली आणि पंधरा दिवसांत हात पुन्हा पूर्ववत झाले. पुढे दुसरे विरेचन झाले. पुन्हा बरे वाटले आणि पुन्हा उद्भव झाला. दोन्ही वेळा ती तीन-तीन आठवडे रजेवर होती, म्हणजे हातमोजे तिच्या हातात नव्हते, ही गोष्ट आमच्या रुग्णपत्रिकेत कोठेही नोंदलेली नाही. सारे श्रेय विरेचनाला दिले गेले होते.

तिने स्वतः मात्र सांगितले होते. "वैद्यसाहेब, घरी असले की हात बरे असतात. मोजे चढवले की रात्रीपर्यंत आग होते." आम्ही घामाचे कारण पुढे केले आणि आतून सुती मोजे घालण्यास सुचविले. अखेर तिने नोकरी सोडण्याची भाषा सुरू केली. घरात कमावणारी ती एकटीच होती. तेव्हा कोठे आम्ही तिला शहरातील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी हात पाहिले, मनगटावरची ती रेषा पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मोजे कोणते वापरता?" पॅच टेस्टमध्ये थायुराम मिश्रणाला स्पष्ट प्रतिक्रिया आली. आठ महिने आम्ही ज्या व्याधीची चिकित्सा करीत होतो, त्याचा हेतू आम्हीच पेटी भरून पुरवीत होतो.

हा प्रसंग मांडण्याचे कारण असे की, हाता-पायांवरची हट्टी विचर्चिका आपल्यापैकी प्रत्येकाच्या बाह्यरुग्ण विभागात येते आणि तिच्यातील काही रुग्णांत कारण रक्तात किंवा आहारात नसून हातात किंवा पायात घातलेल्या वस्तूत असते. ते शोधण्याचे खात्रीचे साधन उपलब्ध आहे. आपण त्याचा पुरेसा उपयोग करीत नाही.

बिब्बा उतण्याचा अनुभव नसलेला वैद्य महाराष्ट्रात विरळाच. एकाला भल्लातक कल्प निर्धास्त पचतो, तर दुसऱ्याचा चेहरा बिब्बे फोडणाऱ्याच्या जवळून गेल्यानेही सुजतो. बिब्ब्याचे तेल इतके तीक्ष्ण आहे की पुरेशा मात्रेत ते कोणाचीही त्वचा जाळते. तो निव्वळ दाह होय. ज्याचे शरीर त्या द्रव्याला एकदा ओळखून बसले आहे, त्याला मात्र ओझरता स्पर्शही पुरतो आणि पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी उठते. आधुनिक वैद्यक याला विलंबित स्वरूपाची अतिसंवेदनशीलता म्हणते. रक्तातील प्रतिद्रव्यांऐवजी टी-पेशी ती घडवून आणतात. रबराच्या वस्तूंपासून होणारी त्वचेची ॲलर्जी बहुतांशी याच जातीची असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केरळात, आणि आता आपल्या दोडामार्ग परिसरातही, रबराच्या झाडाचा जो पांढरा चीक गोळा केला जातो, त्यातील प्रथिनांची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे. त्यात मोजे घालताच काही मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, क्वचित श्वास अडून प्राणावर बेतते. त्याची परीक्षा प्रिक टेस्टने किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई तपासून होते. आपल्या लेखाचा विषय तो नव्हे. झाडाचा चीक उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतो. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या योगाने तो टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. ती प्रक्रिया संथ होती. 1906 साली जॉर्ज ओएनस्लागर यांनी तिला वेग देणारी सेंद्रिय रसायने वापरात आणली आणि तेव्हापासून ही त्वरक द्रव्ये रबराच्या उद्योगात कायमची आली. थायुराम, कार्बामेट, मरकॅप्टोबेन्झोथायाझोल, डायफिनाइलग्वानिडीन, थायोयुरिया ही त्यांची कुळे. याखेरीज काळे रबर उन्हाने व हवेने तडकू नये म्हणून आयपीपीडीसारखी द्रव्ये घालतात. ती टायर, गमबूट, वाहनांच्या मुठी, काळे पट्टे यांत आढळतात.

वस्तू तयार झाल्यावरही या द्रव्यांचा अंश तिच्यात शिल्लक राहतो, हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि घामाबरोबर त्वचेत उतरतो. तेलाने नैसर्गिक रबर फुगते व कमकुवत होते हे कोणत्याही अभ्यंगकक्षात पाहावयास मिळते. तेलाने भिजलेला मोजा तासभर हातावर ठेवणे म्हणजे एका अर्थी त्या रसायनांचा लेपच होय. नायट्राइलचे मोजे घेतले म्हणजे प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. नायट्राइलमध्ये झाडाचा चीक नसतो हे खरे, पण त्वरक द्रव्ये बहुधा असतातच. वेष्टनावर 'लॅटेक्सविरहित' असे छापलेले असले तरी थायुरामच्या रुग्णाला त्यापासून संरक्षण मिळत नाही. त्याला 'त्वरकविरहित' असा स्पष्ट उल्लेख असलेले मोजे किंवा विनाइलचे मोजे लागतात. 1980 नंतरच्या दशकांत एड्सच्या भीतीने रुग्णालयांत आणि 2020 नंतर कोविडमुळे दुकानांपर्यंत मोज्यांचा वापर पसरला. त्यामुळे हा विषय आता केवळ शल्यकक्षापुरता उरलेला नाही.

थायुरामविषयी आणखी एक गोष्ट व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या वैद्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. 1937 साली अमेरिकेतील एका कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नोंदविले की, थायुराम हाताळणाऱ्या कामगारांना मद्य सोसत नाही. पुढे 1948 साली डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याच कुळातील डायसल्फिराम हे द्रव्य मद्यपान सोडविण्यासाठी पुढे आणले. दारू सोडण्यासाठी आजही ज्या गोळ्या दिल्या जातात त्या याच. रबरी मोज्यांनी ज्याचे हात उठतात अशा रुग्णाला या गोळ्या पोटात दिल्यास सर्वांगावर पुरळ येऊ शकते. तेव्हा गोळ्या सुरू करणाऱ्या डॉक्टरांना मोज्यांचा इतिहास कळविणे हे आपले काम आहे.

आता चाचणीविषयी. योसेफ याडासोन यांनी 1895 साली ग्राझ येथील परिषदेत ही पद्धत प्रथम मांडली आणि ज्या द्रव्याने त्यांना ती सुचली ते होते पारद. रसशास्त्राच्या अभ्यासकांना याची मौज वाटेल. पाऱ्याच्या मलमाने ज्याला पुरळ येते, त्याच्या निरोगी त्वचेवर तेच मलम थोडे लावून झाकून ठेवले असता तेथेही पुरळ येते, एवढेच त्यांनी दाखवून दिले. सव्वाशेहून अधिक वर्षांत तत्त्व तेच राहिले असून द्रव्यांची शुद्धता व मात्रा यांत नेमकेपणा आला आहे. संशयित द्रव्ये व्हॅसलीनमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात. थायुराम मिश्रण 1 टक्का, तर काळ्या रबराचे मिश्रण 0.6 टक्के. ती सुमारे 8 मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या लहान वाट्यांत भरून पाठीच्या वरच्या भागावर चिकटपट्टीने बसवितात. 48 तासांनी पट्ट्या काढतात, पट्टीच्या दाबाची लाली ओसरेपर्यंत थोडा वेळ थांबतात आणि पहिले वाचन करतात. दुसरे वाचन 72 किंवा 96 तासांनी होते आणि ते टाळता कामा नये. काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात, शिवाय निव्वळ दाहाची लाली दुसऱ्या वाचनापर्यंत ओसरते तर खरी ॲलर्जी वाढत जाते. नुसती पुसट लाली संशयास्पद मानतात. लालीसह उंचवटा असल्यास एक अधिक, पिडका व द्रवयुक्त पुटिका असल्यास दोन अधिक, फोड आल्यास तीन अधिक अशी नोंद होते.

रुग्ण पाठविण्यापूर्वी आपल्याकडून काही गोष्टी सांभाळल्या गेल्या नाहीत तर चाचणी वाया जाते आणि येथे वैद्याचा संबंध थेट येतो. चाचणीच्या आधीचे काही दिवस व चाचणीचा संपूर्ण आठवडा पाठीला अभ्यंग नको. तेलकट त्वचेवर पट्टी टिकत नाही. स्वेदन नको, स्नान कमरेखालीच. वमन-विरेचन त्या आठवड्यात आखू नये. व्याधी भरात असताना चाचणी करू नये, कारण त्या वेळी सारी पाठच चिडते आणि प्रत्येक पट्टीखाली लाली दिसते. गर्भिणीची चाचणी सामान्यतः पुढे ढकलतात. पोटात स्टेरॉइड चालू असल्यास किंवा पाठीवर स्टेरॉइडचे मलम लावले जात असल्यास खरी ॲलर्जीही लपून राहते. कोठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या रुग्ण घेत असेल तर त्या आधी बंद कराव्यात. त्यांत काय मिसळलेले असते याची खात्री आपण कोणीच देऊ शकत नाही. खाजेच्या गोळ्यांचा या चाचणीवर फारसा परिणाम होत नाही. ऋतूचा विचार केल्यास मुंबई-कोकणात वैशाखात पट्ट्या घामाने सुटतात. हेमंत-शिशिर हा काळ त्यासाठी उत्तम.

ही चाचणी वैद्यांनी आपल्याच चिकित्सालयात घरगुती द्रव्यांनी करून पाहावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रबराची रसायने, सिमेंट, किंवा आपली तीक्ष्ण औषधे मूळ रूपात पट्टीखाली ठेवल्यास दाह होऊन व्रण राहू शकतो, आणि बिब्बा ठेवण्याचा विचारही मनात आणू नये. फार तर रुग्णाने आपला जुना मोजा किंवा चपलेचा पट्टा सोबत न्यावा. त्याचा तुकडा भिजवून पट्टीखाली ठेवण्याची पद्धत मान्य आहे आणि नेहमीच्या संचात नसलेली थायोयुरियासारखी द्रव्ये कधीकधी तीतूनच पकडली जातात.

दुसरीकडे, बाजारात सध्या जो प्रकार बोकाळला आहे त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. हाताच्या विचर्चिकेसाठी रुग्ण शेकडो पदार्थांच्या आयजीई तपासणीचे जाडजूड अहवाल घेऊन येतात. त्यात वांगे, शेंगदाणे, तूर असे काहीबाही 'सकारात्मक' निघालेले असते आणि बिचारा रुग्ण वर्षभर मुगाच्या वरणावर राहतो. विलंबित स्वरूपाची स्पर्शजन्य ॲलर्जी आयजीईच्या तपासणीत दिसतच नाही. त्या पैशांत पॅच टेस्ट झाली असती. आपल्यापैकी काहीजण असे अहवाल पाहून पथ्याच्या याद्या वाढवितात, हेही मान्य केले पाहिजे.

हातांहून अधिक फसवे प्रकरण पायांचे असते. दोन्ही पावलांच्या पाठीवर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा काळपट खाजरा पट्टा दिसला की निदान अर्धे झाले. पण चपलेत केवळ रबर नसते. चामड्यात क्रोमचे क्षार असतात, तळ चिकटविण्याच्या डिंकात फॉर्माल्डिहाइडची राळ असते. रबर सोडून चामडे घ्यावे तर रुग्ण क्रोमचा निघतो. यांतील नेमका दोषी पॅच टेस्टच सांगू शकते आणि म्हणून पायांच्या बाबतीत केवळ अंदाजाने चप्पल बदलून पाहणे आम्हांला पटत नाही. क्रोम आणि रबर दोन्ही वर्ज्य असणाऱ्यांसाठी खरी पारंपरिक कोल्हापुरी चप्पल हा चांगला पर्याय आहे. तिचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते आणि शिवणही चामड्याच्याच वादीची असते. 2019 साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र तिच्या नावाखाली क्रोमचे चामडे आणि चिकटविलेला रबरी तळ सर्रास विकला जातो. तेव्हा विकत घेताना विचारून घ्यावे. हरीतकी रुग्णाच्या पोटात जाण्याआधी पायात गेलेली बरी, असे एक वयोवृद्ध वैद्य गमतीने म्हणत.

पट्ट्याच्या जागी खाज नसून केवळ पांढरे डाग असतील तर अधिक सावध राहावे. 1939 साली अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग आढळले आणि त्याचे कारण त्यांच्या रबरी मोज्यांतील हायड्रोक्विनोनचा मोनोबेन्झिल ईथर हे निघाले. आपल्याकडे अलाहाबादच्या बजाज आणि सहकाऱ्यांनी 1990 साली टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉलने कपाळावर पडणारे पांढरे डाग दाखवून दिले. पादत्राणांमुळे पडणाऱ्या अशा डागांच्या नोंदीही भारतात झाल्या आहेत. असा डाग पाहताच श्वित्र ठरवून बाकुची सुरू करणे आणि टिकली किंवा चप्पल तशीच राहू देणे, ही चूक आमच्या पाहण्यात अनेकदा आली आहे. बाकुची लावून उन्हात बसविल्याने तेथे फोड येतात ते वेगळेच, आणि एका अविवाहित मुलीच्या माथी 'कोड' हा शब्द बसला की घरात काय घडते, हे वाचकांना सांगावयास नको.

या साऱ्याचे आपल्या शास्त्राशी नाते काय? सुश्रुतांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात विषयुक्त पादुकांमुळे पायांना शोफ, स्राव, बधिरता आणि स्फोट होतात असे सांगितले आहे. माला, अलंकार, अभ्यंगाचे तेल यांचाही तेथे उल्लेख आहे. यावरून प्राचीनांना ॲलर्जी ठाऊक होती, असा दावा काही लेखक करतात. तो आम्हांला मान्य नाही. तेथे राजाला शत्रूने दिलेल्या विषाचा विचार आहे, आणि असे विष सर्वांनाच बाधते. चप्पल मात्र दहा जण घालतात आणि एकालाच पुरळ येते. त्या अध्यायातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे पाहण्याची रीत: व्याधी जेथे आहे तेथे कोणती वस्तू टेकली होती, हे आधी पाहावे. निदानपंचकातील उपशय-अनुपशय हे तत्त्व याला अधिक जवळचे आहे. गूढलिंग व्याधीत द्रव्याचा प्रयोग करून हेतू ओळखावा, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. पाठीवरची ती लहानशी वाटी अनुपशयाचाच नियंत्रित प्रयोग आहे. आणि निदानपरिवर्जन करावयाचे तर निदान आधी नावानिशी हाती आले पाहिजे.

अर्थात सकारात्मक चाचणी म्हणजे कारण सापडलेच, असे नाही. एखाद्याला जुन्या काळी बसलेली थायुरामची ॲलर्जी असते आणि आजची विचर्चिका निराळ्याच कारणाची असते. रुग्णाचा व्यवसाय, छंद, स्वयंपाकघर, अंतर्वस्त्रांचे इलॅस्टिक, केसांचे रबर, गरम पाण्याची पिशवी, बस्तीची रबरी नळी, दुखऱ्या गुडघ्यावरचा पट्टा हे सारे विचारल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. आपण ज्या सविस्तर प्रश्नपरीक्षेचा अभिमान बाळगतो, तिचा खरा उपयोग येथे आहे. त्वचारोगतज्ज्ञांना गर्दीत इतका वेळ देता येत नाही. अहवाल त्यांच्याकडून घ्यावा आणि हेतूचा शोध आपण घ्यावा, अशी वाटणी आमच्याकडे आता रूढ झाली आहे.

औषधनिर्माते व फार्मसीचालक यांच्यासाठी दोन शब्द. शेड्यूल टी लागू झाल्यापासून भरणी व वेष्टन विभागांत हातमोजे आले आणि तपासणीच्या धास्तीने स्वस्तात स्वस्त रबरी मोजे सरसकट सर्वांना वाटले जाऊ लागले. नियमाला मात्र रबरच हवे आहे असे नाही. जेथे आवश्यक तेथे कापडी किंवा कृत्रिम आवरण चालते. कोरड्या चूर्णाच्या किंवा वटींच्या वेष्टनाला स्वच्छ सुती मोजे पुरतात. ओल्या कामाला आणि तेलपाकाला त्वरकविरहित मोजे निवडावेत व ते घेताना पुरवठादाराकडून तसे लेखी मागावे. विनाइलचे मोजे लवकर फाटतात, तेव्हा ते वरचेवर बदलावे लागतात हा खर्च धरावा. ज्या कामगाराच्या हातांची रेषा मनगटाशी थांबते, त्याला कामावरून कमी करण्याआधी मोजे बदलून पाहावेत आणि चाचणीला पाठवावे. चाचणीचा खर्च मालकाने सोसावा असे आमचे मत आहे, कारण मोजे मालकानेच दिलेले असतात.

आमच्या परिचारिकेला आम्ही त्वरकविरहित मोजे दिले आणि अभ्यंगाच्या वेळी तर मोजेच नकोत असे ठरविले. तेल तिला कधी बाधलेच नव्हते. सहा आठवड्यांत हात स्वच्छ झाले. भेगांसाठी शतधौत घृत चालू ठेवले. मध्ये एकदा पुन्हा पुरळ आले तेव्हा आमच्या मनात विरेचनाचा विचार येण्याआधीच तिने खुलासा केला: घरी भांडी घासण्यासाठी सुनेने नवे पिवळे रबरी मोजे आणले होते. तिच्या रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने थायुरामचे नाव लिहिलेले आहे, आणि त्याच नावाची एक चिठ्ठी ती आपल्या पाकिटात बाळगते.